शनिवारचं स्टेअरिंग

बंपरला तिकीट लागतं का, असं मीच कंडक्टरला विचारलं. त्यानं विचारायच्या आधी आपण विचारलेलं बरं. अंबाजोगाईहून धारूरकडं येणारी एसटी, सीटांच्या मधल्या वाटेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेला लांबलचक बंपर, आणि तो घसरू नये म्हणून मी एका पायानं दाबून धरलेला. कंडक्टरनं लुगड्याकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "मावशी, कोण होतं?" त्याला वाटलं मी घरचं मयत घेऊन चाललेय. मी लुगड्याचं टोक उचलून चकाकतं लोखंड दाखवलं तेव्हा मागच्या सीटपर्यंत सगळी गाडी हसली. मीही हसले. त्या दिवसांत मी हसत होते, हे आता आठवलं की माझं मलाच नवल वाटतं.

तो बंपर कॉन्टेसाचा. आमच्या अंगणात लिंबाखाली उभ्या असलेल्या पांढऱ्या कॉन्टेसाला बसवायला आणलेला.

आता ही गाडी आमच्यासारख्यांच्या अंगणात कशी आली ते सांगते. आमचे हे ड्रायव्हर. साखर कारखान्याच्या चेअरमनची गाडी चालवायचे. त्या काळी कॉन्टेसा म्हणजे काय थाट होता, ते आताच्या पोरांना कळायचं नाही. लांब नाक, रुंद छाती, आणि रस्त्यावरून गेली की गडी बैलगाडी कडेला घेऊन उभे राहायचे. मग चेअरमन बदलले, नव्या चेअरमनला नवी गाडी पाहिजे, आणि ही शेडमध्ये धूळ खात पडली. तिचा लिलाव झाला तेव्हा भंगारवाले सोडले तर दुसरं कुणी आलं नाही. ह्यांनी घेतली. मी लई बोलले तेव्हा. घरात खायला कमी आणि दारात हत्ती, असं म्हणाले. हे गाडी धुवायला लागले.

पण त्या हत्तीनं आम्हाला पोसलं हो. धारूरच्या अलीकडं-पलीकडं ज्याचं लग्न, त्याला नवरदेवासाठी आमचीच गाडी पाहिजे. झेंडूच्या माळा, समोर नारळ, आणि नवरदेव मागच्या सीटवर घामाघूम. हे पांढरा शर्ट घालायचे, कॉलर ताठ. आमच्या तालुक्यातले आज आजोबा झालेले कितीतरी जण त्या गाडीतून मांडवात उतरलेत. पुढं मोठमोठ्या उंच गाड्या आल्या, पोरांना त्या आवडायला लागल्या, आणि आमची गाडी अंगणात जास्त आणि रस्त्यावर कमी दिसायला लागली.

त्याच सुमारास ह्यांच्या पुतण्याचं लग्न निघालं. पोरगं गुणाचं, काकावर जीव. त्याला वाटलं गाडी जरा नवीन दिसावी. ह्यांना न विचारता बीडहून एक छोटं, जाडजूड, गुबगुबीत स्टेअरिंग आणलं आणि बसवून टाकलं. जुनं कुठं गेलं म्हणून विचारलं तर म्हणे दुकानदाराला देऊन टाकलं, तो तर फुकट काढून देतो म्हणाला होता. ह्यांनी पोराला एका शब्दानं दुखवलं नाही. लग्नात गाडी नेली, आणली. रात्रीच्या जेवणाला मात्र मला एवढंच म्हणाले की दुसऱ्याची चप्पल घालून घरी आल्यासारखं वाटतंय.

तो वार शनिवार होता. हे मला आठवतं, कारण ह्यांना ते आठवत राहिलं. आमच्यात शनिवारी लोखंड विकत घेत नाहीत, घरात आणत नाहीत. तेल नाही, लोखंड नाही. बाकीचे लोक जमेल तसं पाळतात, खिळा-मोळा लागला तर डोळेझाक करतात. पण ड्रायव्हर माणसाचा सगळा जीव लोखंडावर, तो असली डोळेझाक करत नाही. चेअरमनच्या गाडीला ह्यांनी शनिवारी कधी साधा नट बसवू दिला नाही. आणि पुतण्यानं नेमकं शनिवारी ते लोखंड आणून हातात दिलं. पुढं वर्ष-दीड वर्षात ह्यांचे डोळे जायला लागले. शुगरनं गेले, डॉक्टरांनी पडद्याचा फोटो दाखवून समजावून सांगितलं, मलाही समजलं. ह्यांनाही समजलं असेल. पण माणसाच्या मनात एक कोपरा असतो, तिथं डॉक्टर पोचत नाही.

डोळे आधी धुरकट झाले. समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे पसरतात म्हणायचे. मग एक दिवस घाट उतरताना मध्येच गाडी कडेला घेतली, किल्ली काढली आणि शेजारी बसलेल्या माणसाला म्हणाले, तुम्ही चालवा, मला आता रस्ता दिसत न्हाई. घरी आले ते दुसऱ्यानं चालवत आणलेल्या गाडीत. त्यानंतर त्यांनी ती किल्ली खिशात ठेवली, पण दार उघडलं नाही.

काही दिवसांनी तर उजेड-अंधारसुद्धा कळेना. बाजेवर बसून असायचे. आमच्या अंगणात बाज एका टोकाला आणि गाडी दुसऱ्या टोकाला, मध्ये तुळस. हे भिंतीला हात लावत लावत तुळशीला वळसा घालून गाडीपाशी जायचे आणि नुसते उभे राहायचे. गाडीचे हाल झाले होते. दिव्याच्या रिंगा कुणी काढून नेलेल्या, पुढचा बंपर वाकलेला, मागच्या दिव्याची काच फुटलेली, टपावर शेळी बसायची. तोवर ह्यांच्या किडन्याही आटोपत आल्या होत्या. बीडच्या डॉक्टरांनी मला आणि पोरीला बाजूला घेऊन सांगितलं. ह्यांना बाहेर बसवलं होतं, पण आंधळ्या माणसाचे कान दारातून आत येतात.

घरी आल्यावर गाडीला हात लावून मला विचारलं, "काय काय गेलं ग हिचं?"

मी सांगत गेले. हे ऐकत गेले. शेवटी म्हणाले, "मला एकदा हिच्यात बसायचंय. माझ्या जागेवर. पण जशी होती तशी झाल्यावर. असल्या अवतारात न्हाई बसायचो मी."

एवढंच. दुसरं काही मागितलं नाही त्या माणसानं. तीर्थ नाही, गोडधोड नाही.

आमची पोरगी माजलगावला शिक्षिका आहे. ती म्हणाली, आई, बाबांना दिसत नाही. मिळेल ते बसवा, रंग मारा आणि बसवा त्यांना आत. बोलायला तिचंही खरं होतं. मी पहिल्यांदा तसंच केलं. बीडच्या दुकानातून मागच्या दिव्याची लाल काच आणली. दिसायला हुबेहूब. ह्यांनी ती मांडीवर घेतली, कडेनं बोट फिरवलं, आतल्या बाजूनं अंगठा नेला, नखानं टकटक वाजवली आणि माझ्याकडं परत केली. हिच्या आतल्या कडेला बारीक उंच अक्षरं असतात, ती न्हाईत म्हणाले. तुला फसवलं ग बाई, जा देऊन ये. पोरगी शेजारी उभी होती. तिनं डोळ्याला पदर लावला आणि त्याच दिवसापासून फोनवर जुन्या गाड्यांवाल्यांना शोधायला लागली.

मग काय, माझं वणवण फिरणं सुरू झालं. मी चौथी शिकलेली बाई. गाडीचं मला टायर आणि हॉर्न एवढंच ठाऊक. पण ह्यांनी मला बाजेवर बसून सगळं शिकवलं. कुठल्या भागाला काय म्हणायचं, कुठं दाबून बघायचं, दुकानदार काय खोटं बोलेल. निघताना सांगायचे, तुला गाडीतलं कळतं असं दाखवू नको, नवऱ्यानं पाठवलंय म्हण. मी गेवराईला गेले, तिथं हायवेवरच्या भंगारात दिव्याच्या रिंगा मिळाल्या. अंबाजोगाईला बंपर. भंगारवाले पहिल्यांदा हसायचे. एक म्हणाला, मावशी, भाजीबाजार पलीकडं हाय. मी म्हणलं, बाबा, भाजी झाली घेऊन, आता फोडणीला कॉन्टेसाचं ग्रिल दे. तो इतका हसला की त्यानं खरंच आत जाऊन शोधून दिलं.

आणलेला प्रत्येक भाग आधी ह्यांच्या हाती जायचा. पास झाला तरच मिस्त्रीकडं. मिस्त्री म्हणजे ह्यांचा कारखान्याच्या वर्कशॉपमधला जुना दोस्त, तेलगाव रस्त्याला त्याचं गॅरेज. नापास झालेलं घेऊन मला परत जायला लागायचं. कधी कधी मी चिडायचे. एकदा म्हणलं, डोळे गेले पण खोड न्हाई गेली तुमची. हे म्हणाले, डोळे सरकारी होते, खोड घरची हाय. मिस्त्री तिथंच पान्हा घेऊन गाडीखाली झोपला होता, तो खालून म्हणाला, "वहिनी, ह्याला दिसत होतं तेव्हा बरं होतं. तेव्हा निदान बोटं तरी गप असायची."

खरं सांगू का, त्या महिन्यांत ह्यांची तब्येत सुधारल्यासारखी वाटायला लागली. डॉक्टरांचे कागद काही वेगळंच सांगत होते. पण सकाळी उठून विचारायचे, आज कुठं जायची? कुठल्या गाडीनं? ये-जा करायला किती वेळ लागेल? मी परत येईपर्यंत जेवायचे नाहीत. पायांवर सूज असायची, तरी दारात येऊन उभे असायचे. काहीतरी यायचं बाकी आहे, एवढ्यावर माणूस उभा राहतो. मला ते दिसत होतं. म्हणून मीही थकले तरी थकले म्हणत नव्हते.

करता करता सगळं जमलं. रंग झाला, तोही त्याच जातीचा पांढरा. सीटांना कापड मिळालं. इंजिन मिस्त्रीनं उघडून बसवलं, आणि एका सकाळी ते सुरू झालं तेव्हा ह्यांनी बाजेवरून उठून टाळी वाजवली, लहान पोरासारखी. मी म्हणलं, आता बसा. मिस्त्री म्हणाला, बस की रे. ह्यांनी खिडकीतून आत हात घातला, त्या गुबगुबीत स्टेअरिंगला लावला आणि काढून घेतला. "हे कडं गेलं की बसतो."

स्टेअरिंगच मिळत नव्हतं. जुनं मूळचं स्टेअरिंग पातळ कड्याचं आणि घेरानं मोठं. पोरीनं फोनवर ज्यांना ज्यांना विचारलं, ते म्हणाले आमच्याकडं आहे पण आमच्या गाडीत आहे. पुण्याचा एक जण तर म्हणाला, तुम्हाला मिळालं तर मला एक सांगा. पाऊसकाळ गेला, थंडी गेली. ह्यांना आता उठताना दोघांचा आधार लागायला लागला. जेवणातली चव गेली. पण रोज विचारणं सुरूच. कुणाचा फोन आलता का?

फोन आला परळीहून. तिथं एक भंगारवाला होता, मी त्याच्याकडं आधी दोनदा जाऊन आले होते. मुसलमान माणूस, माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान, मला आपा म्हणायचा. म्हणाला, थर्मलच्या बाजूला एका साहेबाची जुनी कॉन्टेसा मोडायला आलीय, स्टेअरिंग मी काढून ठेवलंय, येऊन बघा. मी तव्यावरची भाकरी तशीच ठेवून निघाले.

परळीत प्रत्येक वस्तूवर थर्मलच्या वीजकेंद्रातल्या राखेचा एक करडा थर असतो. त्यानं स्टेअरिंग फडक्यानं पुसून माझ्या हातात दिलं. पातळ, मोठं, काळं. ह्यांनी सांगितलेली प्रत्येक खूण मी बघितली आणि मग तिथूनच फोन लावला. हे म्हणाले, फोन जवळ धर आणि कड्यावर नखानं वाजव. मी वाजवलं. वरच्या बाजूला वाजवलं, खालच्या बाजूला वाजवलं. पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं फोन कटला. मग ऐकू आलं, हे रडत होते. डोळे गेले तेव्हा रडले नव्हते.

"मिळालं ग," म्हणाले. "घेऊन ये."

मी पिशवीत घालायला लागले तेवढ्यात परत आवाज आला. "थांब. आज वार काय हाय?"

मी पिशवीचं तोंड आवळलं.

"शनिवार हाय ना?"

मी म्हणलं, अहो, वरून तर रबर का प्लास्टिक काय ते हाय, लोखंड कुठं दिसतंय. हे म्हणाले, आतून लोखंडच असतंय. मी म्हणलं, इतक्या दिवसांनी मिळालंय, आपण घरात नेतच नाही, गाडीत तर बसवायचंय, गाडी बाहेर आहे.  हे अगदी समजुतीनं म्हणाले, "मागच्या बारीला शनिवारीच आलतं ग. आता न्हाई. उद्या आण. एक दिवसानं काय होतंय?"

ज्याच्यासाठी सगळं चाललं होतं, त्याचाच शब्द. भंगारवाला सगळं ऐकत होता. "आपा, ले जाओ," म्हणाला, "शनिवार-बनिवार लोहे को क्या मालूम." पण मी नाही म्हणल्यावर त्यानं हट्ट केला नाही. आपल्या बसायच्या जागेमागं भिंतीत मोठा खिळा होता, त्याला ते स्टेअरिंग अडकवलं आणि म्हणाला, उद्या सकाळी या, मी कुणाला हात लावू देत नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं परळी गाठली. दुकान अर्धं रिकामं. तो ओट्यावर बसला होता, मला बघून उभा राहिला आणि त्यानं वर बघितलं नाही. खिळा तेवढा भिंतीत होता.

झालं असं होतं की शनिवारी संध्याकाळी त्याच्या सासुरवाडीला मयत झालं, तो घाईघाईनं तिकडं गेला. मागं जालन्याला माल नेणारा ट्रक आला. धाकट्या भावानं दुकानातलं हाताला लागेल ते भरून दिलं, भिंतीवरचंसुद्धा. त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मोठा भाऊ मयताच्या घाईत सांगायचं विसरला. त्यात त्याची तरी काय चूक? माणूस मातीला निघालेला, स्टेअरिंग कुठून लक्षात राहील.

मी उपड्या पिंपावर बसले. त्यानं चहा मागवला. त्यानं जालन्याला फोन लावले. ट्रक पोचला होता. मग तो उठला, म्हणाला, "चलो आपा," आणि आपला टेम्पो काढला. सासुरवाडीत मयत, तरी माझ्याबरोबर जालन्याला आला.

तिथं एका लोखंड वितळवणाऱ्या कारखान्याच्या फाटकातून मी आत बघितलं. असला ढीग मी आयुष्यात बघितला नव्हता. डोंगरच. त्यावर एक मोठं लोहचुंबक लोंबकळत होतं, ते खाली यायचं आणि खोलीभर लोखंड उचलून न्यायचं. सायकली, पत्रे, पलंगाच्या पट्ट्या, सगळं एकमेकांत गुंतलेलं. राखणदार भला माणूस, त्यानं आम्हाला जवळ जाऊन बघू दिलं. भंगारवाला ढिगाच्या कडेनं फिरला, वाकला, दोन-चार पत्रे ओढून बघितले. मी नुसती उभी होते. मला कळत होतं. राखणदार म्हणाला, रातचा माल सकाळीच भट्टीत गेला, मावशी.

परतीच्या वाटेवर सगळा वेळ मी एकच विचार करत होते की घरी काय सांगायचं. गेलं म्हणून सांगितलं तर कशानं गेलं तेही सांगावं लागेल. शनिवार पाळला म्हणून गेलं. त्यांच्याच शब्दानं गेलं. हे त्या माणसाच्या उशाला ठेवून मी बाजूला कशी झोपणार होते? घरी पोचले तर हे दारात. दोन्ही हात पुढं. मी म्हणलं, मिस्त्रीकडं टाकून आले, जरा घासून-पुसून देतो म्हणाला.

हात खाली घेतले. म्हणाले, "बरं केलं. बसवूनच बघू एकदम."

मिस्त्रीला मी सगळं सांगितलं. त्यानं डोक्याला हात लावला. वहिनी, त्याला फसवणं माझ्यानं होणार न्हाई, म्हणाला. मी म्हणलं, मग तुमीच जाऊन त्यांना खरं सांगा. तो काही सांगायला गेला नाही. आठवडाभर शोधून त्यानं दुसऱ्याच एका जुन्या गाडीचं स्टेअरिंग आणलं. पातळ कड्याचं, काळं. घेरानं थोडं लहान. त्यानं ते लई मेहनतीनं बसवलं. कड्यावरचे ओरखडे घासून काढले. वरून हात फिरवून मला दाखवला, म्हणाला, माणूस डोळे मिटून बसला तर कळायचं न्हाई. मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि तो पान्हा पुसायला लागला.

त्या दिवशी सकाळी ह्यांनी दाढी करून घेतली. पांढरा शर्ट घातला, तो आता खांद्यावरून उतरत होता. मिस्त्रीनं आणि मी दोन्हीकडून धरून नेलं. दाराशी आल्यावर आम्हाला सोडा म्हणाले. दार स्वतः उघडलं. आधी पाठ टेकली, मग पाय आत घेतले, एखादा पुजारी गाभाऱ्यात शिरतो तसे. मी पलीकडून जाऊन शेजारी बसले.

त्यांनी दोन्ही हात उचलले. आणि ते हात जिथं थांबले तिथं स्टेअरिंग नव्हतं. दोन्ही बाजूंना, कड्याच्या दोन-दोन बोटं बाहेर, हवेत. बरोबर जुन्या घेराएवढे लांब. इतकी वर्षं झाली पण हातांना जागा पाठ होती. क्षणभर ते हात तसेच हवेत राहिले. मिस्त्री बाहेर खिडकीपाशी उभा होता, तो वळून लिंबाकडं बघायला लागला.

मग ते हात हळूहळू आत आले आणि त्यांनी कडं धरलं.

आता म्हणतील, मला वाटलं. आता परत करतील. जा, देऊन ये म्हणतील. खरं सांगते, मी मनातल्या मनात हात जोडले होते की म्हणू दे. मला शिव्या दे, गाडीतून उतर, बाजेवर जाऊन बस आणि म्हण की मिळेपर्यंत बसणार न्हाई. मी उद्या परत निघते. मी कुठंही जाते.

त्यांनी अंगठे कड्यावरून फिरवले. एकदा. नखानं वाजवलं नाही.

"परळीचंच ना?" विचारलं.

मी हो म्हणलं.

"लई फिरलीस ग माझ्यासाठी," म्हणाले. "बरं हाय. छान बसलंय."

किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं. हे कान देऊन ऐकत राहिले, मग स्टेअरिंग थोडं डावीकडं घेतलं, थोडं उजवीकडं. मला सांगायला लागले, हे आता तेलगाव सोडलं, आता घाट लागतोय, इथं हॉर्न द्यायचा, वरून उसाचा ट्रॅक्टर येतो. मी बरं म्हणत होते. गाडी अंगणातच उभी होती. घाट चढून झाल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून माझ्या हातात दिली. मिस्त्रीला हाक मारून म्हणाले, झालं बाबा तुझं काम, आता काही शोधायचं राहिलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला विचारलं नाही की आज कुठं जायचीस. त्यानंतर कधीच विचारलं नाही. गाडीपाशी गेले नाहीत. जेवण ठेवलं तर दोन घास खायचे, ठेवलं नाही तर मागायचे नाहीत. पोरगी रजा काढून आली. पोळ्याच्या आधी गेले.

तेराव्याला परळीचा भंगारवाला आला. इतक्या लांबून, उन्हाचा. पंगत बसली होती, तो बाहेरच उभा राहिला. मी गेले तर तो गाडीपाशी होता, खिडकीला हाताची ओंजळ लावून आत बघत होता. त्याच्यासारख्या माणसाला एका नजरेत कळलं असणार की हे स्टेअरिंग कुठलं. मला बघून मागं सरकला.

"आपा, एक पुछूं?" म्हणाला. "उनको मालूम पड्या था क्या?"

तो हे का विचारतोय ते मला ठाऊक होतं, सगळा दोष तो स्वतःकडं घेत होता. त्या दिवशी जालन्याच्या ढिगात पत्रे ओढताना त्याचा हात कापला होता, आणि त्याची खूण अजून दिसत होती.

मी म्हणलं, "न्हाई हो, भाऊ. खूश होऊन गेले."

त्यानं डोळे पुसले. मी त्याला पंगतीत नेऊन बसवलं आणि स्वतः वाढलं. तो जेवला, मी शेजारी उभी राहून त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली.